चोवीस नंबरची हजेरी

आमच्या वर्गाच्या मेळाव्यात भाषणं नसतात, एवढी एक गोष्ट आम्ही शहाण्यासारखी केली आहे. विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या ज्या खोलीत आम्ही एम.एस्सी.ची दोन वर्षं काढली, तिथेच दर डिसेंबरात जमायचं आणि आमच्या जुन्या वर्गप्रतिनिधीने जुन्याच क्रमाने हजेरी घ्यायची. नावं नाहीत, नुसते नंबर. ज्याचा नंबर त्याने ‘येस सर’ म्हणायचं आणि वर्षभरात काय झालं ते सांगायचं. बढती, बदली, मुलीचं लग्न, बायपास. कुणाचं जास्त लांबलं की प्रतिनिधी म्हणतो, ‘‘बसा आता. पुण्यात आणखीही माणसं राहतात.’’

चोवीस नंबर पुण्याजवळच्या मांजरी गावचा होता. पहाटे घरची भाजी टेम्पोने मंडईत उतरवायची आणि मग बस पकडून विद्यापीठात यायचं, त्यामुळे पहिला तास त्याचा हुकायचाच. त्याची प्रॉक्सी मी द्यायची. मुलगी असून मी, कारण माझा आवाज जन्मापासून घोगरा. फोनवर लोक मला सरळ ‘बोला साहेब’ म्हणायचे. मान खाली घालून ‘येस सर’ म्हटलं की सरांना कधी संशय आला नाही. तो धापा टाकत येऊन शेवटच्या बाकावर बसला की खोलीभर कोथिंबिरीचा वास सुटायचा.

शेवटचा पेपर झाला आणि निकाल लागायच्या आतच सोलापूर रस्त्यावर ट्रकने त्यांच्या टेम्पोला उडवलं. तो जागच्या जागी गेला. आम्ही सगळे मांजरीला गेलो होतो. त्याच्या आईने माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी पहिला मेळावा ठरला. निमंत्रणं जुन्या पत्त्यांवर गेली आणि कुणाच्या लक्षात न आल्यामुळे एक मांजरीलाही गेलं. त्याची आई आली. त्याच्या भावाची बायको, म्हणजे तिची सून, तिला दारापर्यंत सोडून गेली. हिरवं नऊवारी, हातात पिशवी. येऊन शेवटच्या बाकावर, माझ्याशेजारी बसली. हजेरी सुरू झाली आणि प्रतिनिधी ओघात म्हणून गेला, ‘‘चोवीस.’’ म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला.

माझ्या तोंडून निघालं, ‘‘येस सर.’’

दोन वर्षांची सवय, दुसरं काय. कुणी हसलं नाही. त्याच्या आईने, आमच्या मावशींनी, माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘मग? काय करतोय त्यो आता?’’

आपला मुलगा गेला हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्यासमोरच त्याला उचललं होतं. पण त्या ज्या तऱ्हेने पुढे वाकून वाट बघत होत्या, त्यापुढे माझ्याने खरं बोलवेना. मी म्हटलं, ‘‘उसाच्या संशोधनात लागलाय. मांजरीतच.’’

‘‘बरं झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरापासनं जवळ हाय.’’

तेव्हापासून दरवर्षी त्या येऊ लागल्या आणि दरवर्षी मी सांगू लागले. त्याला बढती मिळाली, त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. एक मैत्रीण मला म्हणाली, ‘‘आपल्या सगळ्यांपेक्षा त्याचंच बरं चाललंय की गं.’’ सगळ्यांचं मत होतं की हे थांबव. मलाही थांबवायचं होतं. पण सून सांगायची, दिवाळी झाली की आत्याबाई हजेरीचं विचारायला लागतात. मी गप्प बसले असते तर तो त्यांच्यादेखत त्या खोलीत दुसऱ्यांदा मेला असता. ते पाप मला नको होतं.

मग एका वर्षी येताना मी बसमध्ये मनाशी ठरवलं की आता त्याला विश्रांतवाडीला घर घेऊन द्यावं. हे मी कुणाकडेही बोलले नव्हते. बाकावर टेकते न टेकते तोच मावशी म्हणाल्या, ‘‘विश्रांतवाडीला जागा घेतोय म्हनला. लांब पडंल न्हाई मांजरीहून?’’

योगायोग असेल, असं मी स्वतःला बजावलं. नंतरच्या वर्षी मी मुद्दाम काहीच ठरवून गेले नाही, तर त्यांनीच सांगितलं की त्याला चष्मा लागलाय. मी उभी राहून तेच सांगितलं. त्या दिवसापासून मला त्या बाकावर मागे वळून बघायची भीती वाटू लागली. मागे नुसती भिंत आहे.

पुढे माझ्या घशात गाठ निघाली. आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. मेळाव्याच्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये होते. घरच्यांशिवाय कुणाला कळवलं नव्हतं. उगाच चौकशा नकोत.

वाचले. आवाजही राहिला, पण घोगरेपणा गेला आणि एक पातळ, परका आवाज उरला. पुढच्या डिसेंबरात गळ्याला मफलर गुंडाळून गेले. दारातच प्रतिनिधीने गाठलं. ‘‘काय हो बाई, मागच्या वर्षी न जेवताच पळालात?’’

‘‘मी आलेच नव्हते. ऑपरेशन होतं माझं.’’

‘‘थापा मारू नकोस. तुझा नंबर घेतला तेव्हा मागून ‘येस सर’ म्हणालीस. तब्येत ठीक आहे, एवढंच बोललीस, उभीसुद्धा राहिली नाहीस. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुझा आवाज काय लपतो? चोवीसला मात्र गप्प राहिलीस. म्हटलं, सोडलंस एकदाचं.’’

शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मावशी आधीच आल्या होत्या, खूप थकल्या होत्या. त्यांनी मफलर जरा बाजूला करून व्रण पाहिला.

‘‘त्यो व्हता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिनं माझी हजेरी लावली, आता मी तिची लावतो, म्हनला.’’

हजेरी सुरू झाली. माझा नंबर आला, मी नव्या आवाजात ‘येस सर’ म्हटलं आणि दोन-चार माना वळल्या. मग प्रतिनिधी जरा थांबला आणि हळूच म्हणाला, ‘‘चोवीस.’’

मी तोंड उघडलं. मावशींनी माझा हात दाबला.

‘‘तू नगं. त्याला बोलू दे.’’

सगळे थांबले. वर पंखा करकरत होता, बाहेर व्हरांड्यातून विद्यार्थी हसत गेले. मीही कान देऊन बसले होते आणि त्या क्षणी तो बोलावा असं मला मनापासून वाटत होतं. कोथिंबिरीचा वास येतोय का, तेही हुंगून पाहिलं. खोलीत नुसता खडूचा वास होता.

बऱ्याच वेळाने मावशींची माझ्या हातावरची पकड सैल झाली.

‘‘गेला वाटतं,’’ त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.