खाली येईपर्यंत वितळणारा बर्फ

आमचे मिलिंददाजी खालापूरकडच्या एका खासगी धावपट्टीवर छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त करतात. चौघं बसतील एवढीच विमानं, पण दाजींचा रुबाब जंबो जेटचा. दहिवलीतल्या घरी बायकोनं चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत, आणि आभाळात एखादं इंजिन जरा अडखळलं की हे जेवणाच्या ताटावरून उठतात. ती बायको म्हणजे माझी सख्खी बहीण पौर्णिमा, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

दाजींची एक ठरलेली गोष्ट आहे. बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर मयतालाही त्यांनी ती सांगितली आहे. एक पायलट रोज तक्रार करायचा की धरणाजवळ गेलं की इंजिन थरथरतं, जोर जातो. दाजींनी पेट्रोलमध्ये पाणी आहे का पाहिलं, कार्ब्युरेटर उघडून त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक नळ्या, फुंकले, प्लग काढले. सगळं झकास. जमिनीवर इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. मालक म्हणाला, पायलटला भास होतात, दुसरा बघू.

"मी म्हटलं, नाय साहेब!" इथं दाजी मांडीवर थाप मारतात. "वर तो हाय, आपण खाली. त्याला जाणवतंय तर हाय म्हणायचं, मग शोधायचं."

आणि खरंच होतं. हवा दमट असली की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना इतका गारठा होतो, की आपल्या कर्जतच्या उकाड्यातही आत बर्फ धरतो. विमान उतरेपर्यंत त्याचं पाणी होऊन जातं, मग मेकॅनिकला काय दिसणार, कपाळ! उपाय एकच. पायलटनं दांडा ओढून कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायची. पायलटची नोकरी वाचली आणि दाजींना जन्माची गोष्ट मिळाली.

ताई कशेळे गावापुढच्या शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यानंतर तिला मधूनच छातीत ठोका चुकल्यासारखं व्हायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. कर्जतला डॉक्टरांकडं नेलं. ईसीजीची पट्टी नॉर्मल, बीपी छान. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास छातीला लावून ठेवायचं मशीन असतं, तेही लावून बघू. दाजी म्हणाले, "कशाला? सगळं नॉर्मल आलंय की. भास असतात गं बायकांचे." आणि लिंबू सरबत करून दिलं. मोठे उपकार केले.

ताईनं सांगणंच सोडलं. मग एका सकाळी कशेळ्याच्या स्टँडवर जीपमधून उतरली आणि तिथंच कोसळली. कपाळाला टाके पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी व्यवस्थित.

"उपाशी गेली असणार," दाजी म्हणाले.

मी तोंड उघडणार होते, आणि मी तोंड उघडलं की गल्ली गोळा होते. पण ताईच खाटेवरून हळू म्हणाली, "अवो, ती पायलटची गोष्ट सांगा ना."

दाजी खुलले. आजारी बायकोचं मन रमवायचं तर याहून चांगलं काय! पेट्रोल झालं, जेट झाले, प्लग झाले. मांडीवर थाप पडली. "मी म्हटलं, नाय साहेब! वर तो हाय, आपण..."

ताई त्यांच्याकडं बघत होती. त्या माणसाचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठं गेला, खोटं कशाला बोलू?

मशीन लावलं. ताई ते घेऊन जीपमधून शाळेतही जाऊन आली. तिचं हृदय मधेच काही सेकंद चक्क थांबत होतं. पेसमेकर बसला. अजून थोडं दुर्लक्ष झालं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

ताई घरी आली, भेटायला माणसं आली आणि दाजींची नवी गोष्ट तयार! "मी तवाच ओळखलं, हा खाली सापडणारा फॉल्ट नाय..."

"कवा ओळखलं?" ताई म्हणाली. "मी स्टँडवर पडल्यावर?"

चारचौघांत ताई प्रथमच त्यांना आडवी गेली. आणि मग ती थांबेचना. सरबत निघालं, भास निघाले, तिच्या बाळंतपणात मी तिच्याजवळ होते तेव्हा हे विमानाचा प्लग पुसत बसले होते तेही निघालं. पाहुण्यांचा चहा निवला. मी ताईला डोळ्यांनी खुणावलं, पुरे आता.

दाजींनी मलाच अडवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"थांब गं दीक्षा. गरम हवा दिली की आतला बर्फ वितळतो आणि इंजिन आधी जास्तच खोकतं. नवखे घाबरून दांडा परत ढकलतात. तसं केलं की विमान पडतं."

मग ते ताईजवळ सरकून बसले. "बोल गं," म्हणाले. "पुढं?"