हात धू, असं कुणी म्हटलं नाही

सरकारांनी पायातला जोडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"ओळख."

मी ओळखला. नुसता ओळखला नाही. उलटापालटा केला, वास घेतला, तळावरून अंगठा फिरवला आणि छाती फुगवून सांगितलं, "जोडा हाय सरकार. डाव्या पायाचा. टाच झिजली बाहिरून. जल्दी मोच्याला दाखवा, न्हाई तर पाय मुरगळंल."

हशा असा उठला की वरचे पत्रे वाजले. टाळ्या पडल्या. मी चहूकडं वळून सलाम केले. एक सलाम बहुतेक खांबाला गेला असेल. सरकार म्हणाले, "द्या रे याला जिलबी." जिलबी हातात आली. गरम होती. खाल्ली. बोटंसुद्धा चाटली.

आमच्या घरातली पोरं ही गोष्ट हसायसाठी मला सांगायला लावतात. खांबाला केलेल्या सलामापर्यंत मीही हसतो. पुढचं कुणी विचारत नाही. म्हणून ते आज लेकीकडून लिहवून घेतोय.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लहानपणी देवी आल्या आणि जाताना माझे डोळे घेऊन गेल्या. बाप होता तोवर भाकरीची काळजी नव्हती. तो गेला आणि थोरल्या भावानं सरळ सांगितलं, "जांबच्या देवळापाशी बसवतो तुला. म्होरं वाटी ठिवायची. यात्रेकरू देतेत." भाऊ वाईट नव्हता. आंधळ्या माणसाचं आणखी काय करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. मला तरी कुठं होतं? तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, जालन्याला आंधळ्यांना कामं शिकवणारं एक घर आहे. भावानं नेऊन सोडलं. गाडीतून उतरताना मी रडलो आणि तो उगाच बैलांवर ओरडला.

तिथं मी काठीनं वाट काढायला शिकलो. आपला सदरा आपण धुवायला शिकलो. आणि बाज विणायला. माझ्या पहिल्या बाजेवर ते घर चालवणारे गुरुजी बसले ते थेट जमिनीवर. कंबर धरून असे ओरडले की काही विचारू नका. दुसरी बाज टिकली. विणलेल्या सुतळीवर टिचकी मारली की कळायचं, ही माणूस पेलणार का नाही. तोवर सगळ्यांना माझंच ओझं होतं. आता दुसऱ्याचं ओझं माझ्या हातांनी पेललं.

त्या घराचं छप्पर, दाणागोटा, सगळं सरकारांच्या मेहेरबानीवर. सरकार म्हणजे अंबडकडचे बडे जमीनदार. वर्षातून एकदा पाहुणे घेऊन यायचे. आम्ही शिकलेलं काम त्यांना दाखवायचं. त्या साली त्यांना बाजा बघायचा कंटाळा आला असावा. म्हणून जोडा.

पाहुणे गेल्यावर मी बशीरचाचांजवळ जाऊन बसलो. म्हातारा माणूस, माझ्यासारखाच आंधळा, खुर्च्यांना वेत भरायचा. मी फुशारकी मारून राह्यलो, चाचा ऐकून राह्यले. मग हातातला वेत खाली ठेवून म्हणाले,

"जिलबी खाने के पैले हात धोया था क्या, बेटा?"

"न्हाई, चाचा."

"हात धो करके किसीने बोला?"

मी बोटं सदऱ्याला पुसली.

अंगणभर माणसं होती. डोळस. जोडा कुणाच्या पायातून निघाला ते त्यांनी पाहिलं. कुठल्या हातात गेला ते पाहिलं. त्याच हातावर जिलबी ठेवलेली पाहिली, ती तोंडात जातानाही पाहिली. एकालाही वाटलं नाही, थांब, हात धू, असं म्हणावं. कुत्र्यापुढं तुकडा टाकताना कोण म्हणतं? आणि गुरुजी? कंबर दुखली तेव्हा एवढे ओरडले होते. तेही गप्प.

हे कळताच पोटातली जिलबी उलटून पडली, असं लिहिलं तर शोभेल. पडली नाही. पचली. तेच जास्त वाईट.

पुढच्या साली सरकार परत आले. दारातूनच हाक, "अरे, तो जोडेवाला कुठंय?"

मी उठून उभा राहिलो.

"हात पुढं कर."

मी हात पाठीमागं घेतले. "आधी काय हाय ते सांगा, सरकार."

"ते तू सांगायचं!" पाहुणे हसले.

"मंग न्हाई."

गुरुजी माझ्या कानाशी आले. "अरे, क्षणभराचं काम. त्यांनी मनात आणलं तर तुला आजच काढायला लावतील." देवळाची पायरी, पुढ्यातली वाटी. आंधळ्याला जेवढं म्हणून दिसू शकतं तेवढं सगळं दिसलं.

"गुरुजी, म्या विणलेल्या बाजेवर बसून बघा म्हनावं. हात न्हाई देनार."

"आंधळ्याला मिजास आली," सरकार म्हणाले. अगदी शांतपणे. मग गुरुजींना, "याच्या जागी दुसरा घ्या."

ते गेल्यावर गुरुजी म्हणाले, "बाळा, मोसंबी होती रे. त्यांच्या बागेतली. साधी मोसंबी."

असेल. न सांगता हातात दिलं, की मोसंबी काय नि जोडा काय.

भाऊ गाडी घेऊन आला. वाटभर त्याचं तोंड चालू. "लई शाना झाला! दोन टाइम भेटत होतं, ते घालवलं. आता जांबच. पितळी वाटी आनलीया तुझ्यासाठी, बिलकुल नवी."

"बसव जांबला," मी म्हणालो. "पन सुतळी आनून दे, दादा. गावच्या मोडक्या बाजा तिथं आनून टाक. वाटी म्होरं ठिवू नको."

"आन ठिवली तर?"

"फेकीन. परत ठिवलीस, परत फेकीन. लोकांनी टाकलेल्या पैशासकट. तू दमशील दादा. म्या न्हाई दमनार."