देवापुढून उचललेलं चिवड्याचं पाकीट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चिवड्याची पाकिटं वाटणारी भिलाईच्या मरोदा वस्तीतली पहिली बाई मी. तोवर आमच्या क्वार्टरांच्या ओळीत घरोघरी प्लास्टिकच्या गाळण्या आणि साबणाच्या डब्या साचल्या होत्या. यंदा तू मला, पुढच्या वर्षी मी तुला, असं तेच वाण फिरत राहायचं. मी ठरवलं, खाऊन संपेल असं काहीतरी द्यायचं. खुर्सीपारच्या ठोक दुकानातून मक्याच्या चिवड्याचं अख्खं खोकं आणलं. चकचकीत पाकिटं, त्यांवर दात काढून हसणारं कणीस. पन्नाशी ओलांडलेली, मुलासाठी मुली बघणारी बाई मी. पण त्या संध्याकाळी अशी मिरवत होते, की चिवड्याचा शोध जणू मीच लावला.

मग दुकानदाराचा फोन आला. "आंटी, वो मक्केवाला माल वापस कर दीजिए. कंपनी मँगा रही है."

कंपनीच्या कारखान्यातली चाळणी तुटली होती. तारेचे बारीक तुकडे मालात गेले असतील अशी शंका होती. नुसती शंका, पण पाकिटामागचा बॅच नंबर जुळत होता.

"वो तो मैंने बाँट दिया!"

"तो मँगवा लीजिए ना, आंटी."

त्याला काय जातं सांगायला! सुवासिनीच्या हातात ठेवलेलं वाण परत मागायची रीत आमच्यात नाही. घरी आमचे हे रोलिंग मिलमधून नुकतेच आले होते. ऐकून म्हणाले, "सगळ्यांना फोन कर. सांग, खाऊ नका, फेकून द्या. झालं."

झालं असतंच. आज मला ते कळतं. पण फोन केले असते तर माझी वरात कशी निघाली असती? मी गव्हाचं रिकामं पोतं घेतलं, चष्मा चढवला आणि फूड इन्स्पेक्टर होऊन घरोघरी निघाले.

पहिल्याच दारात टोमणा मिळाला. "काकू, पाकीट नेता तर आमचं कुंकू पण पुसून नेता का?" दुसरीच्या पोरांनी चिवडा केव्हाच फस्त केला होता. ती म्हणाली, "प्लांटातून चुंबकाची क्रेन बोलवा, पोट्ट्यांले उलटं टांगून पाहू." तिसरीने ते वाण सवयीप्रमाणे आपल्या जावेला देऊन टाकलं होतं, जावेने शेजारणीला. त्या पाकिटामागे मी थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. कोणाला काही झालं नव्हतं, सगळ्या हसत होत्या, आणि मी सगळ्यांत जास्त. इतकी मजा मला लग्नात आली नव्हती.

शेवटी मैत्रिणीच्या घरी पोचले. आमची दोघींची लग्नं एकाच वर्षीची. ती नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची लेक. मी भिलाईत नवी असताना रॉकेलच्या रांगेत कसं घुसायचं ते तिनेच मला शिकवलं. त्या वर्षी तिच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, घरी येऊन फार दिवस झाले नव्हते. ती कुठेच जात नव्हती. माझ्या हळदीकुंकवाला तेवढी आली, नऊवारी नाही पण ठेवणीतली साडी नेसून, आणि वाण घेताना तिने ते कपाळाला लावलं होतं. मी पाहिलं होतं. पण ते काय होतं हे मला कळलं नव्हतं.

पाकीट देवापुढे होतं. न फोडलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं.

मी सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "आमी नाही खात ना. राहू दे तिथंच."

"अगं, कंपनीला परत द्यायचंय."

"सवाष्णीच्या घरून वाण वापस नेते का कोणी? अन् हे घरात असे असताना? तुले समजत कावून नाही?"

आवाज हळू होता तिचा. मागच्या खोलीत तो निजला होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मी मात्र वरातीच्या आवाजात बोलत होते. "नाही कसं म्हणतेस? देवाच्या दातात तार अडकली म्हणजे?" असं म्हणत मी सरळ पुढे झाले, पाकीट उचललं आणि पोत्यात टाकलं.

आतून तिचा नवरा खोकत खोकत हसला. ती हसली नाही. मला वाटलं, जागरणाने थकली आहे बिचारी.

त्यानंतर ती माझ्याकडे यायची थांबली. मी म्हणायचे, आजाऱ्याचं घर आहे, वेळ मिळत नसेल. पुढे नवरा हिंडू-फिरू लागला, संध्याकाळी सायकलवर बाजारात दिसू लागला, तरी ती आली नाही. पुढच्या संक्रांतीला बोलावलं तर "पाहू" म्हणाली. विचारायला मी गेले नाही. रुसली असेल तर येईल आपोआप, अशी माझी त्या वयातली अक्कल.

तो रिटायर झाला. क्वार्टर सोडून ती दोघं मुलाकडे नागपूरला निघाली, तेव्हा मी मदतीला म्हणून गेले. दोघी जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. गुंडाळता गुंडाळता तीच बोलली.

"तू बरोबर होती गं. तार असती तर? पण ते पाकीट गेलं ना, तेव्हापासून मी रात्री उठून उठून यांच्या नाकापाशी हात धरून पाहत होती. श्वास चालू आहे का नाही म्हणून. किती महिने." मग म्हणाली, "एक सुपारी तरी ठेवायची माझ्या हातावर. मंग नेलं असतं तर चाललं असतं."

एक सुपारी. माझ्या कमरेच्या बटव्यात तेव्हा सुपारी नेहमीच असायची.

इथे कोणीही शहाणी बाई रडली असती, निदान गप्प बसली असती. मी काय केलं? मी म्हटलं, "पण बघ, तुझा म्हातारा अजून टुणटुणीत आहे! माझ्याकडे वशिला लाव, पुढच्या खेपेला अख्खं खोकं परत नेते."

तिने एक कप गुंडाळला. मग आणखी एक. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि माझा एक स्टीलचा डबा घेऊन आली. केव्हाचा तिच्याकडे राहिला होता, मी विसरूनही गेले होते. भांडं रिकामं परत करू नये म्हणून तिने त्यात दोन मुठी साखर घातली होती. घरातलं सगळं सामान बांधून झालेलं. साखर कुठल्या गाठोड्यातून उपसली कोण जाणे.

"घ्या," ती म्हणाली. आजवर मला 'घे' म्हणणारी.

मी डबा घेऊन घरी आले. माफी मागायची राहिलीच. वाटलं, निघताना स्टेशनवर बोलू. पण त्यांची गाडी पहाटेची होती, आणि 'हिला उठवू नका' असं ती आमच्या ह्यांना सांगून गेली होती.

ती साखर मी जपून ठेवली असं लिहिलं तर छान दिसेल. पण त्याच संध्याकाळी कुरुदहून पाहुणे आले, घरातली साखर संपली होती, आणि मी डबा उघडला. सगळ्यांना चहा दिला. माझ्या कपात घातली नाही. पाहुण्यांनी विचारलं, तुम्हाला शुगर झाली का? मी म्हटलं, हो.