वॅगनमागे एक रुपया

सावदा स्टेशनवर केळीच्या वॅगनी भरणाऱ्या हमालांचे मुकादम तोतारामनाना एक नंबरचे आडमुठे. मी तिथला पावत्या फाडणारा कारकून. रोज त्यांच्याशी वाद घालायचो आणि रोज हरायचो.

१९५४ साली त्यांनी एक खूळ काढलं. जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात रुपचंद नावाचा नुकताच पास झालेला डॉक्टर तिथेच राहून, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकत होता. त्याला पगार द्यायला दवाखान्याकडे दमडी नव्हती. नानांनी बागाईतदारांकडून वॅगनमागे एक रुपया धर्मादा घ्यायला सुरुवात केली आणि वर्षभर रुपचंदला महिना साठ रुपये पोचवले.

वर्ष सरलं. रुपचंद मुंबईला निघाला, जागेवर नवा डॉक्टर आला. तेव्हा सर्वांत मोठे बागाईतदार लीलाधरभाऊ सगळ्यांदेखत कडाडले, "आपल्या पैशानं शिकतीन अन् उडून जातीन! अन् शिकाऊच्या हाती आपलं पोट कोन देईन, नाना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. रुपया बंद झाला की नव्याला परत जावं लागणार होतं.

"मी देतो," नाना म्हणाले. घड उचलून उचलून त्यांना अंतर्गळ झाला होता. धोतराआड पट्टा बांधून ते दिवस काढत होते. "चालत आलो तं रुपया चालू. नाही आलो तं तुमी सुटले."

माझं डोकंच फिरलं. पैज लावायची ती पोटाची? पण ऐकतील ते नाना कसले!

मुंबईला जायच्या आधी रुपचंदनं नानांची शस्त्रक्रिया केली, नव्याला शेजारी उभं करून. मोठे डॉक्टर नुसते पाहत होते.

आठव्या दिवशी नव्यानं टाके काढले. एकेक टाका सफाईनं निघाला. लीलाधरभाऊ मुद्दाम आले होते.

"कुठी गेला तुमचा रुपचंद?"

"मुंबईले." नाना उठले, खाटेभोवती एक फेरी मारली. "घड उतरला का खोड आपन तोडतोच ना, भाऊ? रडत बसतो का? बुडाशी फुटलेलं पील पुढचा घड देतं." त्यांनी नव्याकडे बोट दाखवलं.

 मग भाऊंनी मला आणि नानांना बाहेर काढलं. दार लोटताना त्यांचा आवाज आला, कधी नव्हे इतका मऊ.

"डॉक्टर, मले बी तीन वर्षांपासून हेच आहे. तुमी कराल ना?"

"करीन की. इथे राहायला मिळालं तर."

खिशातल्या रुपयांचा खुळखुळाट बाहेरपर्यंत ऐकू आला.