तपासायची राहिलेली अरुंधती

चेकर काकांच्या तोंडून 'पास' हा शब्द ऐकलेला माणूस आमच्या गल्लीत नव्हता. फॅक्टरीत त्यांनी छत्तीस वर्षं सुटे भाग तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर फॅक्टरी सुटली, तपासणी काही सुटली नाही. सदऱ्याच्या एका खिशात लाल खडू आणि दुसऱ्यात वीतभर पाणसळ, म्हणजे नळीतल्या फुग्यावरून सरळ-वाकडं सांगणारी पट्टी, असा सगळा सरंजाम घेऊन ते आमच्या विजय नगर वसाहतीत हिंडत. एका सकाळी उठून बघते तर आमच्या फाटकावर लाल फुली. बिजागरी अर्धा सूत उतरली होती म्हणे.

माझ्यावर त्यांचा एक कायमचा राग होता. 'गॅस बंद केला का?' 'हो काका.' 'कुलूप ओढून बघितलं का?' 'हो काका.' मग ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "माधुरी, तू न बघता हो म्हणून राहिलीस." खरंच असायचं ते. शेजारी शेजारी राहून अठरा वर्षांत माझ्याबद्दलचा त्यांचा संशय एकदाही खोटा ठरला नाही.

काकू मात्र त्यांच्या अगदी उलट. सगळ्यांना सगळं छान म्हणायच्या, आणि काका तपासत बसले की, "अहो, चलो, चहा गार होऊन राहिला," म्हणून उठवायच्या. पुढे त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर हळूहळू जाणार. दारातल्या रांगोळीचे ठिपके त्यांना दिसेनासे झाले. ठिपके बोटानं चाचपून देत, रेघा मात्र अजून डोळ्यांनी ओढत. "टिंब हरवतं गं, रेघ सापडते," असं त्या हसून सांगायच्या. काका तेवढ्या वेळापुरते आत निघून जात.

एकदा बोलता बोलता काकूंनी चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. त्यांचं लग्न जुन्या शहरात बडा फुहारा चौकाजवळच्या एका धर्मशाळेत झालं. सप्तपदी झाल्यावर भटजी दोघांना अंगणात घेऊन गेले आणि त्यांनी काकांना सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची बारीक अरुंधती दाखवायला सांगितली. काकांनी बोट वर केलं, 'दिसली?' विचारलं. काकू 'दिसली' म्हणाल्या. "कशाची दिसते! डोळ्यांत होमाचा धूर, डोक्यावर मांडवाची झालर. पण सगळे खोळंबले होते, तेव्हा दिसली म्हणून टाकलं."

काकांच्या हातातली बशी तशीच राहिली. "चाळीस वर्षं! विना तपासणीचा माल चाळीस वर्षं चालवला आपण?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. माझा जुना कॅमेरा कपाटात पडून होता, तो हवा होता. अरुंधतीचा फोटो काढायचा, टीव्हीवर मोठा करायचा आणि नजर आहे तोवर काकूंना दाखवायचा. फोननं काढा म्हटलं, तर म्हणाले, "फोन आपल्या मनानं तारे भरतो. आपल्याला खरी पाहिजे." त्यांनी आयुष्यात लग्नकार्यात रांगेत उभ्या केलेल्या पाहुण्यांशिवाय कशाचा फोटो काढला नव्हता, आणि मलाही त्या कॅमेऱ्यातलं फारसं कळत नव्हतं. तरी आठवडाभर ते व्हरांड्यात बसून त्याची बटणं समजून घेत होते.

विजय नगरच्या दिव्यांत तारे बुडून जातात. म्हणून वैशाखातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात एका संध्याकाळी आम्ही नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेलो. आरती आटोपल्यावर एका नावाड्याला तयार करून पलीकडच्या वाळूवर उतरलो. काकू आल्या नाहीत. "मी येऊन काय करू? तुम्हीच घेऊन या तिला," म्हणाल्या.

काकांनी स्टँडच्या तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे बसवले, मधोमध विटांची पिशवी टांगली, पाणसळ ठेवून फुगा बघितला. नावाड्याला ताकीद दिली, "भैया, हिलना मत." मला खोकायलाही बंदी होती. फोटोला किती वेळ द्यायचा हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. पाच मिनिटं. कारण फॅक्टरीतला त्यांचा नियमच तो, जितकी वस्तू बारीक तितका वेळ जास्त बघायची. आम्ही तिघं श्वास धरून उभे राहिलो. नर्मदेचं पाणी तेवढं वाजत होतं.

फोटो आला. त्यात तारा एकही नव्हता. सगळ्या आकाशभर तिरप्या, आखूड रेघाच रेघा.

"काहून हलला हा?" काका स्टँडवर ओणवले. पाय बघितले, पिशवी बघितली, मग माझ्याकडे आणि नावाड्याकडे संशयानं बघितलं. नावाडी शांतपणे म्हणाला, "बाबूजी, आप नहीं हिले. तारे चलते हैं. हम तो रोज देखते हैं." काकांनी मान वर करून बघितलं. दुसरा फोटो काढायला गेले तर कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. ती चार्ज करून आणायचं काम माझ्याकडे होतं. काकांनी विचारलंही होतं, आणि मी हो म्हणाले होते.

परतताना ते नावेत माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं माझ्यावर रागावलेत. अर्ध्या पाण्यात एकदम म्हणाले, "मला तरी कुठं दिसली होती तेव्हा? भटजींनी बोट केलं तिकडं मी बोट केलं. आणि वर तिला विचारलं, दिसली का." आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर फुल्या मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या लग्नातली ही चूक चाळीस वर्षं बोचत होती. काकूंची नजर जायच्या आत त्यांना ती दुरुस्त करायची होती, आणि हातात होता एक बिघडलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी मी तो टीव्हीला जोडला. काका 'रिजेक्ट आहे, राहू दे' म्हणत होते. सप्तर्षींचा तेवढा भाग मी मोठा केला. काकू खुर्ची ओढून अगदी पडद्याशी बसल्या, मान तिरपी केली.

"ह्या तर रेघा आहेत," त्या म्हणाल्या. "ही जाड. आणि अहो, हिच्या अंगाला लागून ही बारीक कोण?"

काका ताडकन उठले. पण लगेच मानतील तर ते काका कसले! "अंदाजानं नको सांगू. बोट ठेव."

काकूंनी बोट ठेवलं. बरोबर त्या बारीक रेघेवर. काकांनी त्यांचं बोट दुसऱ्याच रेघेवर नेऊन 'ही का?' विचारलं, चित्र सरकवून पुन्हा विचारलं. तिन्ही वेळा बोट त्याच बारीक रेघेवर गेलं. तारे टिंबासारखे आले असते तर काकूंना त्यातला एकही सापडला नसता.

"पास," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला आत गेले. फार वेळ पुसत होते.

गेल्या पौषात काका गेले. झोपेतच गेले, कुणाला काही तपासू न देता. काकूंना आता उजेड-अंधाराखेरीज काही कळत नाही. त्या फोटोची तसबीर त्यांच्या खोलीत आहे. परवा मी चहा घेऊन गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"माधुरी, ती सरळ आहे ना गं?"

'हो काकू' माझ्या ओठांवर आलंच होतं.

"बघून सांग," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. काकांच्या खणातून पाणसळ काढली आणि तसबिरीवर धरली. फुगा डावीकडे सरकलेला होता. मी चौकट जराशी हलवली, फुगा मधोमध येऊन थांबेपर्यंत थांबले, आणि मग म्हटलं, "हो काकू. आता सरळ आहे."