येरमाळ्याची पेटी

'वारसा जपा' असे फलक लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. एकदा त्यांच्यात मीही मिरवले, म्हणून जास्तच येतो.

धाराशिवकडच्या वाशीत माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेत ते पडदा टांगून फोटो काढायचे. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा, मग काचेवरून कागदावर प्रत निघायची. यात्रा पांगली की कितीतरी लोक प्रत न्यायला फिरकतच नसत. वडील काच मात्र टाकत नसत. ज्याचा चेहरा त्याची काच, आपण नुसते राखणदार, असं म्हणायचे. येरमाळ्याच्या काचांची वेगळी लाकडी पेटीच होती.

त्या पेटीत एका मजूर बाईची काच होती, मांडीवर तान्ही मुलगी. बाई वर्षभरातच वारली. ती मुलगी पन्नाशीला आल्यावर कुणाकडून तरी ऐकून आमच्याकडं आली. वडिलांनी काच खिडकीच्या उजेडात धरून तिला आई दाखवली. काचेवर काळ्याचं पांढरं दिसतं. ऐन विशीत गेलेल्या आईचे केस पांढरेशुभ्र. ती कितीतरी वेळ बघत राहिली. प्रत काढायचं सामान तेव्हा मिळेनासं झालं होतं. सोय झाली की नक्की देतो, असा शब्द वडिलांनी दिला.

ते गेल्यावर धाराशिवच्या एका संस्थेनं जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मी छापील फोटो दिले, काचांच्या पेट्याही दिल्या. काचांवर काय आहे, हे सांगायचे कष्ट घेतले नाहीत. भाषण लिहिण्यात गुंतले होते ना!

उद्घाटनाला भिंतभर फेटेवाले, घोडेवाले, बंदूकवाले. पेट्या कोपऱ्यात रिकाम्या. काचा कुठं गेल्या, असं विचारलं, तर तिथला शिपाई हौसेनं म्हणाला, "मॅडम, लई कळकट होत्या. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासल्या, तवा कुठं समदं काळं जाऊन लख्ख निघाल्या. समद्या ह्या फ्रेमांना बसवल्या."

त्या बिचाऱ्याला काय बोलणार? संस्थेचे साहेब म्हणाले, जाऊ द्या, ओळखीपाळखीचं कुणी नव्हतंच त्यात. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि साहेबांशेजारी उभी राहून फोटोही काढून घेतला.

तेवढ्यात आईची काच बघून गेलेल्या त्या मावशी आल्या. आता सत्तरीच्या. प्रदर्शनाचं ऐकून येरमाळ्याहून एसटीनं आल्या होत्या.

"बाई, आता मशीनवर निघतंय म्हणं. माज्या आईचा काढून द्या की."

खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

"मावशी, ती काच फुटली हो. वडील होते तेव्हाच, त्यांच्याच हातून."

मावशी माझ्या खांद्यावरच्या शालीकडं बघत राहिल्या.

"न्हाय बाई," त्या म्हणाल्या, "त्यांच्या हातनं न्हाय फुटायची."