पलटवली

१२ ऑगस्ट १९५७, सोमवार. अपिलाचा स्टॅम्प, एक रुपया. हजर: मी, माझी बायको आणि चांद्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस.

मी चांदा ते गोंडपिपरी खाजगी सर्व्हिसची मोटार चालवत असे. अठरा वर्षांत एक अपघात नाही. १८ जुलैच्या हुकुमाने माझे लायसन वर्षभरासाठी रद्द झाले. अपिलाला मुदत तीस दिवस. हुकूम हातात पडला २९ तारखेला, म्हणजे अकरा दिवस तसेच गेले. उरलेल्या एकोणिसांतले चौदा मी अंगणात येरझाऱ्या घालण्यात घालवले. बसले की पाय आपोआप क्लच शोधत. मालक म्हणाला होता, "सालभर क्लीनर म्हणून चाल." म्हणजे मी टपावर पोती चढवायची आणि मीच शिकवलेल्या माणसाने मोटार चालवायची. शिवाय पगार निम्म्याहून कमी, आणि घरात खाणारे सहा.

चौदा दिवस गेले ते आळसाने नाही. अपिलात लिहायचे काय तेच कळेना, कारण हुकुमात मला खोटे काही सापडत नव्हते.

३ जुलैला गोंडपिपरीच्या अलीकडे नाल्याला पूर होता. उतरून काठी घालून पाहिली. पाणी कमरेच्या वर. गाडीत एकतीस उतारू. मी गाडी पलटवली आणि सगळ्यांना चांद्याला परत आणले. एका व्यापाऱ्याचा बाजार चुकला, त्याने तक्रार केली. ९ तारखेला मोटार कचेरीत माझे बयाण घेतले. मी जे सांगितले तेच हुकुमात होते: चालकाने पुराच्या वेळी भरलेली गाडी पलटवल्याचे स्वतः कबूल केले आहे. पुढे 'निष्काळजीपणाने' हा शब्द होता, तोच खुपत होता. रस्ता अरुंद होता. तीनदा मागेपुढे करून गाडी वळवली होती. तेव्हा मी वळण्याचा इशारा म्हणून बाहेर हात दाखवला होता की नव्हता, हे आठवण्यात माझी झोप गेली.

अर्जनविसाने हुकूम वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "भाऊ, हे काय लिहून राह्यले? गाडीच्या दुरुस्तीचा दाखला हजर करा म्हणते. दुरुस्ती कायची?"

"कायचीच नाई. गाडी धड आहे."

"मंग दाखला काऊन मागते?"

अर्जनवीस हुकूम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला. बायको मात्र पदर तोंडाला लावून हसू लागली. "अवो, त्यायले वाटलं तुम्ही गाडी उलथी पाडली! त्या देशावरच्या लोकायले पलटवली म्हंजे काय कळते?"

मागच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि कचेरीत पुण्याकडचे कारकून आले होते. आमच्याकडे बाजारातून माणूस पलटून येतो, बैलगाडी पलटवून घरी आणतात. त्यांच्याकडे पलटलेली गाडी चाके वर करून पडते. मला हसू आले नाही. चौदा दिवस मी हात दाखवल्याचा विचार करत होतो!

अपिलाची सुनावणी ४ सप्टेंबरला झाली. मी तिकीटबुक नेले होते, टिपणवही नेली होती. ३ जुलैला नाल्यापासून सव्वाअकराला निघालो, एक वाजून चाळीस मिनिटांनी चांद्यात, आणि त्याच गाडीने तीन वाजता सत्तावीस उतारू घेऊन मूल गावाला गेलो. उलटलेली गाडी हे कसे करील? अपील ऐकणाऱ्या साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"आकडे राहू द्या. तुम्ही कबूल केलंत की नाही?"

"केलं साहेब. पलटवली म्हणून कबूल केलं. उलटवली म्हणून नाई."

"शब्दांचा खेळ करू नका."

खिडकीबाहेर साहेबांची जीप उभी दिसली. ड्रायव्हर बॉनेटला टेकून विडी ओढत होता, तो आमच्याकडचाच. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या ड्रायव्हरले गाडी पलटवाले सांगा. त्यानं उलथी पाडली तर माझं लायसन ठेवून घ्या."

साहेबांनी बाहेर जीपकडे पाहिले. मग शिपायाला मानेने खूण केली. शिपाई खिडकीतून ओरडला, "गाडी पलटव बे!"

ड्रायव्हर हलला नाही. "आता? साहेब कुठी चालले?"

"तुले काय करायचं? पलटव म्हणतो नं!"

त्याने विडी फेकली, जीप मागे घेतली, झाडाला वळसा घातला आणि तोंड फाटकाकडे करून उभी केली. चारी चाके जमिनीवर होती. साहेबांचा कारकून खाली मान घालून कागद चाळू लागला. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझे बयाण पुन्हा एकदा वाचले आणि हुकूम रद्द केला.

बाहेर कारकुनाने लायसन पुढे केले. त्यावर आडवा 'रद्द' असा शिक्का होता, शाई पानाच्या पाठीवर उतरलेली. असे लायसन चालणार नाही, नवे पुस्तक घ्यावे लागेल, तो म्हणाला. चूक त्यांची असताना पैसे मी का द्यायचे, असे मी विचारले. नियम तसा आहे, तो म्हणाला. मी भांडलो असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गोंडपिपरी होती. मी पाच रुपये त्याच कारकुनाला मोजून दिले आणि पावती घेतली.